चालणारी फांदी, उडणारा पूल

...नाही पण मला सांगा, फांदी चालते का? चालते का फांदी? आणि हसायचं असेल तर तोंडावर हात ठेवून हसा, आत माझी बायको झोपलीय, आणि ती झोपलीय ही केवढी मोठी गोष्ट आहे ते सगळं ऐकल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही... तर फांदी. आमच्या इंग्रजी पेपरात, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत : ‘वॉकिंग होम फ्रॉम स्कूल, अ ब्रँच फेल ऑन द हेडमास्टर.’ तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, हेडमास्तर घरी चालले होते, डोक्यात फांदी पडली. तुम्ही म्हणाल हो! इंग्रजी तसं म्हणत नाही! इंग्रजीत ‘चालत चालत’ म्हटल्यावर पुढे जो पहिला भेटेल तो चालणारा, आणि इथे भेटली फांदी, म्हणजे शाळा सुटल्यावर घरी निघाली होती ती फांदीच! हेडमास्तर बिचारे नुसते मध्ये आले! मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, खडूची धूळ खाल्ली, आणि रिटायर होऊन बघतो तर काय, फांद्या शाळेतून घरी चालल्यात! त्यावर लोक मलाच सांगतात, ‘अहो सर, अर्थ पोचला ना? मग झालं तर!’ अर्थ पोचला हो, पण फांदी कुठे पोचली? चूक ती चूकच!

आता बायको. तुम्हाला सांगतो, ही हॉस्पिटलात सिस्टर आहे, लहान मुलांच्या वॉर्डात, आणि कायम रात्रपाळी. कोणी लादलेली नाही, मागून घेतलेली! म्हणते, ‘अहो, मुलांना आई आठवते ती रात्रीच. तेव्हा कोणीतरी जागं नको?’ बरं, रात्री जागायचं तर दिवसा झोपायला हवं की नको? सकाळी येते, युनिफॉर्म खुर्चीवर टाकते, सुजलेले पाय उशीवर ठेवते, मी निळा जाड पडदा ओढतो, खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड होतो... आणि ही टक्क जागी! गरम दूध झालं, तळपायाला तेल झालं, शेजारणीनं सांगितलेलं उलटं मोजणं झालं, त्यात आकडा चुकला म्हणून ही उठून बसली! शेवटी मेट्रन म्हणाली, ‘सिस्टर, तुमचे डोळे बघा आरशात. झोप सुधारली नाही, तर तुम्हाला दिवसपाळीला स्टोअरमध्ये बसवणार. चादरी मोजा.’ चादरी! त्या दिवशी हिचा चेहरा एवढासा झाला होता. चादरींना काय आई आठवते?

तर फांदीची बातमी आली ती त्याच सकाळी. मी पलंगाच्या पायथ्याशी पेपर घेऊन बसलेलो, आणि माझा भडका उडाला, ‘अगं, फांदी चालतेय, फांदी!’ हिनं डोळे मिटलेलेच. तशीच म्हणते,

‘दप्तर होतं का हो तिच्याकडे?’

‘कोणाकडे?’

‘फांदीकडे. शाळेतून येत होती ना...’

आणि घोरायला लागली! दिवेलागणीला उठली ती ताजी टवटवीत, अंबाडा घालून कामावर गेली.

मग काय, रोजचाच नेम झाला. मी चिडायचं आणि हिनं झोपायचं. आणि पेपरवाले तरी काय, हात सैल सोडून चुका करत होते! एकदा आलं, ‘फ्लाइंग ओव्हर द लेक, द ओल्ड ब्रिज लुक्ड टायनी टू द मिनिस्टर.’ मंत्री गेले खड्ड्यात, तळ्यावरून उडत होता पूल! मी ओरडतोय, अगं जुना पूल, दगडी, तो उडतोय! आणि ही झोपेत शिरता शिरता, ‘दिवे लावलेत का त्याचे?’ आता खरं सांगू का... तेवढ्यात माझाही डोळा लागला. पडदा हळूच फुगला, निळ्या उजेडात तो पूल तरंगत आला, दिव्यांच्या दोन्ही ओळी लावून, कठड्याला धरून माणसं उभी, कोणाला कसली घाई नाही... आणि खाली आमच्या दाराशी फांदी, दप्तर खुंटीला लावतेय... इतकं छान वाटलं म्हणून सांगू! दचकून उठलो, स्वतःला म्हटलं, मास्तर, चिडा! चूक ती चूकच!

आता इथे माझी खोड आडवी आली. चूक दिसली की संपादकाला फोन करायचा, ही माझी जुनी खोड. ही झोपली की मी बाहेरच्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात फोन करायचो. तिकडची मुलगी ओरडायची, ‘आले हं, फांदीवाले आले लाइनवर!’ आणि एक दिवस संपादकांचाच फोन, आवाजात साखर : ‘सर, आनंदाची बातमी! खास तुमच्यासाठी आम्ही चुका तपासायला एक बाई नेमल्यात. फार कडक आहेत. उद्यापासून चूक दाखवा आणि पेढे... आपलं, शाबासकी मिळवा!’

दुसऱ्या दिवशीचा पेपर तुम्हाला सांगतो, घासूनपुसून लख्ख! पहिलं पान, मधलं पान, छोट्या जाहिराती, काही नाही. सगळे आपापल्या पायांनी चालतायत! ही कूस बदलून विचारते, ‘काय हो, आज कोण उडतंय?’ म्हटलं, ‘आज विमानच उडतंय गं.’ हिनं डोळे उघडले ते उघडलेच.

टीव्ही लावून पाहिला, आवाज बंद करून. खालची पट्टी चुकांनी नुसती ओसंडत होती, पण धावते हो ती! मी चष्मा नाकावर चढवेपर्यंत चूक पलीकडच्या काठाला! शेवटी काळजावर दगड ठेवला आणि स्वतः चूक रचली. मी! पेपरात बघून वाचल्यासारखं केलं, ‘बार्किंग लाउडली, द पोलिसमन कॉट द डॉग.’ भुंकणारा पोलीस! ही डोळे मिटूनच म्हणाली,

‘ही तुमची आहे.’

‘कशावरून?’

‘तुम्ही चिडला नाहीत.’

ऐका! सुपातल्या खड्यासारखी खोटी चूक निवडते बाई! हिला चूक नकोच होती, हिला माझं चिडणं हवं होतं, आणि तेही अस्सल! नाही झोपली. संध्याकाळी झोपेच्या तारेत हिनं माझा चहा थर्मामीटर घालून ढवळला. कामावर जाताना दारात थांबून म्हणाली, ‘मेट्रननं बोलावलंय उद्या. बहुतेक चादरीच.’ आणि हसली. ते हसणं बघवेना मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो. समोर लाँड्रीवाल्याची नवी पाटी लागत होती, चांगली रस्त्याच्या रुंदीएवढी, शिडीवर पेंटर, लाल रंग अजून ओला. मला बघून म्हणतो, ‘सर, बरं झालं आलात. जरा नजर टाका. ओलं आहे तोवर पुसता येतं, मग कायमचं.’ मी मान वर केली. ‘वॉश्ड अँड आयर्न्ड विथ केअर, अवर कस्टमर्स गो होम हॅपी.’ अहो, म्हणजे काळजीपूर्वक धुतलेली, इस्त्री केलेली आमची गिऱ्हाइकं खुशीत घरी जातात! गिऱ्हाइकं! धुतलेली! माझ्या दारासमोर! याच रस्त्यानं माझे सगळे विद्यार्थी येतात-जातात, त्यांना मी छडी दाखवून हेच शिकवलं! बोट उचललं, तोंड उघडलं... आणि नजर गेली आमच्या खिडकीकडे. निळा पडदा बाजूला झालेला, आणि ही उभी. जागी.

‘सर, बरोबर आहे ना?’

उचललेलं बोट खाली घेतलं. म्हटलं, ‘झकास! टिंबसुद्धा हलवू नका.’

आणि तरातरा जिना चढलो. पेपर नाही, काही नाही, दारातूनच ओरडलो, ‘अगं, काय लिहिलंय माहितीय? गिऱ्हाइकं धुतात! इस्त्री करतात! आणि ते आता जन्मभर तिथेच राहणार!’ ही आडवी झाली, पाय उशीवर ठेवले.

‘वाळत घालतात का हो त्यांना?’

‘कोणाला?’

‘गिऱ्हाइकांना... दोरीवर... शेजारी शेजारी... वारा लागत असेल छान...’

झोपली. मेट्रनला भेटायला गेली ती इतकी टवटवीत, की मेट्रननं हिलाच विचारलं, कोणतं औषध घेता म्हणून! राहिली हो वॉर्डातच. आणि पेपर रोज बदलतो, पाटी थोडीच बदलते? रोज तीच पाटी, रोज तोच अस्सल संताप, रोज तीच झोप.

फक्त काल एक जुना विद्यार्थी भेटला, आता स्वतः प्राध्यापक आहे. पाटीखाली उभा राहून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणतो, ‘सर! तुमच्या दारासमोर एवढी ढळढळीत चूक, आणि तुम्हाला दिसली नाही?’

चूक ती चूकच! म्हटलं, ‘चष्म्याचा नंबर वाढलाय रे... आणि जरा हळू बोल.’