तीनपैकी कोणतं

नाही हो, इतका जड आवाज नका लावू. बसा जरा, आत अजून माईक लावतायत. पहिल्या भागात तुमच्या जागी दुसरे गृहस्थ होते, त्यांनी हेच केलं — बाप म्हटला की ढगातून बोलायचं. म्हणजे गेममधला बाप हो, आणि मी त्यातली लेक. खरे वडील असे बोलतात का? खरे वडील मुळात बोलतच नाहीत. निदान माझे तरी.

म्हणजे माझ्याशी नाही. आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेली, ताटाला ताट लागलेलं, आणि हे आईला विचारणार — 'तिला आणखी वाढायचंय का?' मी सरकारी नोकरी सोडून आवाजाच्या कामाला लागले, तेव्हापासून हे असं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता बहिष्कार.

तुम्ही खेळलायत का कधी असला गेम? नाही? सोपं असतं. कुणी काही विचारलं की पडद्यावर तीन उत्तरं येतात — एक गोड, एक खोचक, एक तोडून टाकणारं. खेळणारा एक निवडतो आणि मग माझा आवाज येतो. म्हणून आपल्याला तिन्ही बोलून ठेवावी लागतात. नुसतं 'येते मी' मी इतक्या तऱ्हांनी बोललेय की घरातून निघताना खरं म्हणायची वेळ आली की जीभ अडखळते.

तर भावाने तो गेम घरच्या टीव्हीला जोडून दिला. वडील निवृत्त, जमीनमोजणीतले. त्यांना लढाईत रस नाही. राक्षस मागे लागलाय आणि हे आपले बांधाबांधाने चाललेत, हद्दीचे दगड सरळ रेषेत आहेत का बघत. आणि बोलतात तिच्याशी, त्या नायिकेशी. सारखे. 'अगं, तिकडून नको, घसरशील.' 'दमलीस, बस जरा.' आईने फोन टीव्हीजवळ धरून मला ऐकवलं. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला — माझ्याच आवाजाचा. तिला 'बस जरा', आणि मला आईमार्फत.

गेल्या रविवारी गेले घरी. मुद्दाम नाही हो, चार्जर राहिला होता — बरं, मुद्दाम. तर हे खेळत होते, मी मागे जाऊन उभी राहिले. नायिका बऱ्याच काळाने घरी आलीये, दारात तिचे वडील. ते विचारतात, 'का आलीस?' तीन उत्तरं आली. आणि हे काही निवडेचनात. बराच वेळ काही केलं नाही ना, तर नायिका आपणहून उसासा सोडते. तोही माझाच, सर्दी झाली होती त्या दिवशी. ती उसासे टाकतेय आणि हे तसेच बसलेत. मग मान न वळवता म्हणाले, 'यातलं कोणतं?'

मी आधी आजूबाजूला पाहिलं. आई स्वयंपाकघरात. म्हणजे मलाच. म्हटलं, 'तुम्हाला आवडेल ते घ्या.' तर म्हणतात, 'ही तिन्ही ऐकून झालीत माझी. कितीदा तरी. तू का आलीस ते विचारतोय.'

आता सांगा. बोलणं हा माझा धंदा, आणि तोंडातून काय बाहेर पडावं? 'चार्जर.' हसा, हसा. मीही हसले असते, पण हे पडद्याकडे बघत म्हणाले, 'टीव्हीच्या मागे आहे. जेवून जा.'

जेवून जा. मला म्हणाले, आईला नाही. आईने आत काहीतरी खाली पाडलं त्यावर. आणि जेवताना पुन्हा काही बोलले नाहीत, पण भांडं माझ्याकडे सरकवलं, आपल्या हाताने, आणि मी नको म्हणत असताना तीनदा...

नाही, काही नाही. पाणीबिणी नको मला. ते बघा, काचेआडून हात करतायत तुम्हाला. जा ना, तुमचं आधी आहे. मी येते मागून. अहो, जा म्हटलं ना.