घावनाला रकाना

— नको, डेमो नको, आणि लॅपटॉप उघडलात तर निदान त्या रिंगांवर ठेवू नका, दबल्या की कुकरला बसत नाहीत. रेवतीने पाठवलंय म्हणून साकीनाक्याच्या या गाळ्यात तुम्हाला खुर्ची मिळाली, नाहीतर सॉफ्टवेअरवाल्यांना मी दारातूनच वाटेला लावतो. मुलगी आहे ती माझी, मालकीण नाही. काय म्हणालात — सगळ्या मालाची माहिती एका जागी? अहो, होतीच की एका जागी. गोडाऊन सांभाळणाऱ्या सहदेवच्या डोक्यात. अठ्ठावीस वर्षं. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, वॉल्व, हँडलं, नऊशे प्रकार — कुठल्या कंपनीच्या कुठल्या झाकणाला काय बसतं, तोंडपाठ. मोठी पातळ रिंग म्हणजे घावन, लहान जाडी ती आंबोळी — कणकवलीचा माणूस, त्याची नावं तशीच. रॅकवर खडूने लिहिलंय, बघा अजून. तुमच्या सिस्टीममध्ये घावनाला रकाना आहे? हसू नका.

आता कुठे आहे म्हणजे? घरी, वाकोल्याला. काढला मी. दिवाळीच्या तोंडावर बोरिवलीच्या एका दुकानदाराला बाराशे रिंगा चुकीच्या गेल्या, झाडून सगळ्या परत आल्या, त्याने मला फोनवर नाही नाही ते ऐकवलं — मग मी कोणाला ऐकवणार? पॅकिंगच्या बायकांसमोर म्हटलं, म्हाताऱ्या, डोकं चालत नाही तुझं, घरी बस. वाटलं, भांडेल. चावी टेबलावर ठेवली, "बरां शेट, येतंय मी" म्हणाला आणि चपला घालून गेला. रेवती लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून गणपती बघायला जायची, काका म्हणते त्याला. त्याला काढला तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलते.

चूक त्याचीच. म्हणजे — यादीत होतं तेच पाठवलं त्याने, पण त्याला कळायला नको? हो, विचारलं होतं, "शेट, ह्यां माप बरोबर आसा मां?" मीच म्हटलं, यादीत आहे ना, मग तेच. याद्या तीन आहेत आमच्या, एक खोक्यावर, एक व्हॉट्सअ‍ॅपवर, एक ऑनलाइन, एकीचा दुसरीला पत्ता नाही — नाही, थांबा, गरज आहे असं मी म्हटलेलं नाही. माप बदललं कोणी? बदललं कोणीतरी. रविवारी जेवून सोफ्यावर आडवं पडायचं, फोनवर यादी चाळायची, माणसाचं बोट सरकतं, पाच लिटरच्या ओळीत साडेसहाचं माप जातं, आणि मग ते कबूल करायला — सोडा. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे?

काय दाखवताय? कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते दिसतं? नावासकट? आणि पुसता येत नाही. चांगलंय, ते तुमच्या सिस्टीममध्ये, पुढच्या मालाचं. मागचं — मागचंही? ही तर आमचीच ऑनलाइन यादी आहे. रेवतीने पासवर्ड दिला तुम्हाला? ते वर नेऊ नका. राहू द्या म्हटलं ना. हो, माझंच नाव आहे ते, वाचता येतं मला.

तिने बघितलंय हे? कधी?

असं म्हणाली? बाबांना सगळ्यात आधी हेच पान दाखवा, असं?

लॅपटॉप मिटा. नाही, चहा नाही मिळणार. निघा तुम्ही.