आबांनी निवडलेलं कॉलेज

फोटोग्राफीचं कॉलेज निवडताना लोक फी बघतात, होस्टेल बघतात. आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, डोळे बघितले. हसू नका, ऐका तर.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. जिंतूरकडच्या आमच्या गावात माणूस गेल्यावरच फोटोवाल्याला बोलवायचे. तो मयताला भिंतीला टेकवून बसवायचा, फोटो काढायचा आणि मग स्टुडिओत ब्रशनं त्यावर उघडे डोळे रंगवायचा. आमचे आजोबा तिरळे. पण भिंतीवरच्या फोटोत त्यांना सिनेमातल्या हिरोचे डोळे! आबा म्हणायचे, "हा माझा बाप न्हाई. ह्याच्या पाया पडू वाटंना."

मी फोटोग्राफी शिकतो म्हणालो, तर आबा स्वतःच माझ्यासंगं कॉलेज बघायला निघाले. औरंगाबादच्या एका कॉलेजात सरांना पहिलाच सवाल, "मयताचे डोळे उघडायला शिकवता का?"

सर खूश. "शिकवतो ना! अगदी जिवंत वाटतील असे."

"ऊठ," आबा मला म्हणाले.

मुंबईच्या सरांनाही तोच सवाल. ते चक्रावले. "नाही बुवा. आम्ही डोळे उघडे असतानाच फोटो काढायला शिकवतो."

"मंग हितंच नाव घाला पोराचं."

दिवाळीत मी कॅमेरा घेऊन घरी आलो. आबा धुवट धोतर नेसून अंगणात बाजेवर बसलेलेच होते. आजोबांसारखाच त्यांचाही एक डोळा माझ्याकडं, एक लिंबाकडं.

"काढ बाबा, उघडे हायत तवर," ते म्हणाले. "अन् तिरळा हाय तर तिरळाच येऊ दे."