पौंडाला आधीच कळलं

आईशप्पथ, हा किस्सा अक्षरन् अक्षर खरा आहे. म्हणजे, शेवट सोडून.

ब्रेक्झिटच्या करारावर पार्लमेंटमध्ये मतदान होतं, ती संध्याकाळ. लंडनच्या एजवेअरचा आमचा मिलिंद एका हातात पैसे पाठवायचं ॲप धरून टीव्हीवर पार्लमेंट बघत होता. नागपूरला आईच्या फ्लॅटचा हप्ता त्याच दिवशी जायला हवा होता, नाहीतर बिल्डर फ्लॅट दुसऱ्याला देणार.

"पाठव रे आता," वहिनी म्हणाल्या.

"थांब गं. करार पास झाला की पौंड वर जाईल."

आणि पौंड धाडकन आपटला. टीव्हीवर मात्र भाषणंच चालू. मिलिंदने मला फोन लावला. "अरे, घोटाळा आहे! मतदानाआधीच बाजाराला निकाल कळलाय!"

"निकाल केव्हाच लागला, गाढवा. करार पडला."

"माझ्याकडे अजून भाषणं चालू आहेत!"

मागून वहिनींचा आवाज आला. "चहा करायला गेलास तेव्हा टीव्ही पॉज कोणी केला होता?"

"मेलो! आता हप्ता?"

"मी सकाळीच पाठवला. तुझ्या भरवशावर राहते की काय!"

वहिनींचं हे शेवटचं उत्तर मी रचलं. हप्ता पौंडाच्या पडलेल्या भावानेच गेला. पण त्याच्या आईला आम्ही असंच सांगितलंय, तेव्हा नागपूरला गेलात तर तोंड उघडू नका.