गोगलगायींचे सर

पाहुणी: काकू, सर नक्की कुठं आहेत? मघाशी म्हणालात झोपलेत, मग म्हणालात फिरायला गेलेत, आता म्हणता अंघोळ चाललीय.

काकू: आणखी थोडा चहा घे ना.

पाहुणी: नको, खरंच नको. तीन वाजून गेले. पाचला पीएचडीचे अर्ज घेणं बंद होतंय. माझा अर्ज भरून तयार आहे, या पिशवीतच आहे, मार्गदर्शक म्हणून सरांची तेवढी सही हवी. त्यांनीच तर कळवलं, 'अर्ज घेऊन घरी या, सही करतो' म्हणून.

काकू: हो, तसं लिहिलं होतं खरं.

पाहुणी: बावीस प्राध्यापकांना लिहिलं होतं मी. एकवीस जणांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. एक जण तर म्हणाले, बाई, गोगलगायींवर पीएचडी करून कुणाचं भलं करणार आहात? माझ्या प्रश्नांना उत्तरं दिली ती एकट्या सरांनी. एकदा नाही, अकरा वेळा.

काकू: बारा.

पाहुणी: बारा?

काकू: पहिलं तू धरलं नसशील. दोनच ओळींचं होतं.

पाहुणी: तुम्ही वाचता त्यांची पत्रं?

काकू: काडेपेटीत काय आणलंयस?

पाहुणी: रिकामा शंख. सरांना दाखवायला. आमच्या मागच्या भिंतीवरच्या गोगलगायी ओळखू याव्यात म्हणून मी त्यांच्या शंखांवर खुणा करायचे, पण रंग आठवड्यात निघून जायचा. मग सरांनी उपाय सांगितला. नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. आणि बाटली घट्ट झाली, तर…

काकू: तर दोन थेंब रिमूव्हर घालून तळहातांत घोळवायची. जोरात हलवायची नाही, बुडबुडे येतात.

पाहुणी: काकू, हे सरांना कुठून माहीत?

काकू: त्यांना नव्हतंच माहीत.

पाहुणी: म्हणजे?

काकू: तीन वर्षं झाली गं. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे. आता चष्मा कशाला लावतात तेच विसरतात. पत्रं मी लिहिते.

पाहुणी: बाराच्या बारा?

काकू: पण त्यात चुकीचं काही नव्हतं हं. तीस वर्षं त्यांच्याबरोबर भिंती पालथ्या घातल्यात मी. ठिपके मी द्यायचे, मोजायचे मी, रात्री बसून टाईप करायचे मी. तुला एक अक्षरही खोटं सांगितलं नाही.

पाहुणी: 'नोकरी सांभाळून हे काम होत नाही', हेही तुम्हीच लिहिलंत?

काकू: ते त्यांचं वाक्य. येईल त्या मुलाला ऐकवायचे. मी आपलं सवयीनं लिहून गेले.

पाहुणी: मी राजीनामा दिला, काकू. नऊ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होते. आई अजून धड बोलत नाही माझ्याशी. आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या वयात बसत नाही मी. का केलंत असं?

काकू: तुझं पत्र आलं ना, त्याआधी वर्षभर कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं. म्हटलं, दोन ओळी लिहाव्यात. मग तू पुढचं विचारलंस. सकाळी उठल्या उठल्या तुझं पत्र आलंय का बघायचे मी. घरात काम चालू आहे असं वाटायचं. आता थांबू, आता थांबू म्हणता बारा झाली. तुला तोंड दाखवायला जागा नाही मला.

पाहुणी: मग तुम्हीच व्हा मार्गदर्शक.

काकू: दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं माझं. मला कोण विचारतंय? पण ऐक. सही त्यांना अजून येते. हाताला सवय आहे. निवृत्त झाले तरी मार्गदर्शकांच्या यादीत नाव आहे, आणि विद्यापीठात अजून कुणाला काही ठाऊक नाही.

पाहुणी: आणि पुढची चार वर्षं? दर सहा महिन्यांनी काम दाखवायला समितीपुढं माझ्याबरोबर सर लागतील.

काकू: तेव्हाचं तेव्हा बघू. आधी आत तर शीर.

पाहुणी: बोलवा त्यांना.

(सर बाहेर येतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.)

सर: बसा, बसा. नवीन विद्यार्थिनी का?

पाहुणी: व्हायचंय, सर.

सर: छान. पण नोकरी सांभाळून हे काम होत नाही बरं का.

पाहुणी: सोडली, सर.

सर: उत्तम! ही काडेपेटी माझ्यासाठी?

पाहुणी: हो. चौदा महिने टिकला ठिपका. जराही उडाला नाही.

सर: वा. काय सुबक आहे! वळण बघा कसं आत आत गेलंय. कशाचं आहे हे?

काकू: गोगलगायीचा शंख आहे, अहो.

सर: असं होय? कुणी केला?

काकू: त्यांच्या अर्जावर तुमची सही हवीय.

सर: हो, द्या ना. कुठं करायची?

काकू: दे गं. काढ पिशवीतून.

पाहुणी: सर, अर्ज घरी राहिला.

काकू: अगं, असं काय करतेस…

पाहुणी: घरीच राहिला, काकू.

सर: मग उद्या आणा, त्यात काय एवढं? उद्या मी दिवसभर मोकळाच आहे.