करवतीची खालची मूठ

रुक्मा : करवतीला हात लावू नकोस, म्हादू! माझा ल्योक जिता हाय अजून.

म्हादू : काकी, पळवून न्यायला आलोय व्हय मी? सहा म्हैने खुंटीवर गंजतीय ती. अणशीच्या रानात ओंडके पडलेत, गोऱ्या साहेबाला पावसाआधी रुळाखालच्या फळ्या हव्यात.

रुक्मा : आणि ओंडक्यावर कोण उभा ऱ्हाणार? तू? ओंडक्याखालच्या खड्ड्यात उभं ऱ्हाऊन करवतीची खालची मूठ वढण्यात जन्म गेला तुझा!

म्हादू : बाजारकुणंगचा गुणा येतोय.

झिलू : गुणाची फळी साप गेल्यागत निघते. म्हादू, मी येतो.

म्हादू : झिलू, काल लाकडी पाय बांधून ओंडक्यावर चढलास. बघितलं मी.

झिलू : पडलो तेबी बघितलंस?

म्हादू : तीनदा.

रुक्मा : आणि मला सांगतोस, अंगणात घसरलो! असल्याच ओंडक्यानं गुडघ्याखाली पाय खाल्ला, बेळगावच्या डागदरानं कापून टाकला. आता दुसराबी देऊन ये!

झिलू : वर न्हाईच चढणार, आये. खाली उतरतो. खड्ड्यात पाठीला भिंत हाय, पडायला जागाच न्हाई. हात तर दोन्ही शाबूत हायत.

रुक्मा : खड्ड्यात? तुझा आजा वर, बा वर. आणि तू ह्याच्या पायाखाली? ह्या म्हादूच्या?

म्हादू : काकी म्हणतात ते खरं. मला वरची मूठ न्हाई जमायची, झिलू. कापायची रेघ सुटली तर?

झिलू : खालच्या अंगालाबी रेघ मारू. मी बघीन, मी सांगीन, तू दाबायचं.

रुक्मा : घरात काय कमी हाय तुला? आयतं जेवतोस.

झिलू : तेच सलतंय. सहा म्हैने तुझ्या शेजारी बसून सुपाऱ्या सोलतोय. पाय डागदरानं नेला, आये. हात तू नेऊ नकोस.

(रुक्मा उठते. करवत खुंटीवरून काढून झिलूसमोर ठेवते.)

रुक्मा : आणि काय हवं?

झिलू : एक पातळ फडकं दे, डोळ्यांवर बांधायला. भुसा सगळा खाली पडतो.

रुक्मा : म्हादू, तू काय बांधायचास?

म्हादू : काय न्हाई.

रुक्मा : बारा वर्षं खड्ड्यात, उघड्या डोळ्यांनी?

म्हादू : सांजचं तुमच्याच न्हाणीत डोळे धुवायचो की, काकी. तुम्ही वरडायच्या, पाणी लई सांडतोस म्हणून.