टॉवरची वामकुक्षी

...आता तुम्हीच सांगा, लोखंडाच्या टॉवरला दुपारची झोप कशाला हवी? आणि त्याला झोपवतो कोण, तर माझाच मुलगा! इंजिनिअर आहे, लांब राहतो, मोबाइलचे टॉवर कमी विजेत कसे चालवायचे ते ठरवतो. म्हटलं, अरे, दुपारी स्वयंपाकघरात फोन लागत नाही. तर म्हणतो कसा, "आई, वापर कमी आहे गं तिथे. जवळचा झोपतो, तेवढ्यापुरतं लांबचा सांभाळतो." कसला सांभाळतो... त्याच्यासाठी मला गच्ची चढावी लागते, या गुडघ्यांनी!

वीज वाचवणं पुण्याचंच हो, नाही कोण म्हणतं? पण तुम्हाला सांगते, हे गेल्यापासून माझा नेम आहे, गुरुवारी मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्याला बोलले नाही, उगाच जिवाला घोर. त्याला सवड जेवणाच्या सुट्टीत, आणि टॉवर नेमका तेव्हाच घोरतो. का, तर वापर कमी आहे! मग ह्यांच्या खुर्चीचा वापर कमी, मोठ्या पातेल्याचा कमी, मुलाच्या खोलीचा तर नाहीच... सगळ्यांनीच झोपायचं का?

मग मी काय केलं, ह्यांचा फोन कपाटातून काढला. अजून चार्ज करते मी तो... का ते विचारू नका. टॉवरचा डोळा लागायच्या आत माझ्या फोनवरून तो लावला, मीच उचलला, दोन्ही समोर ठेवून पोथी वाचत बसले. वापर हवाय ना, घे! ह्यांनी जन्मात कधी पोथी ऐकली नाही, फोननं मात्र अख्खा अध्याय ऐकला. टॉवर जागा राहिला हो... पण मुलाचा फोन यावा कसा, माझाच एंगेज! लावून लावून घाबरला बिचारा, शेवटी शेजारणीला फोन करून माझ्याकडे पळवलं. तिच्याच फोनवर बोलले.

"कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ?"

"बाबांच्या फोनशी."

मग हळूच म्हणाला, "काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगा जेवला का विचार."

त्याच संध्याकाळी त्यानं आमच्या टॉवरची झोप बंद केली. आता दुपारभर टक्क जागा असतो मेला, स्वयंपाकघरात फोनच्या सगळ्या काड्या भरलेल्या... आणि मुलगा? मीटिंगमध्ये. कुठल्यातरी दुसऱ्या वस्तीतले टॉवर झोपवतोय. आज गुरुवार, करेल हो, दिवस कुठे मावळलाय अजून? ताट झाकून ठेवलंय तोवर.

तसाही ताटाचा वापर कमीच आहे.